मॉडिफाय केलेल्या स्प्लेंडरची बॅटरी सारखी उतरून राहिली? नवी घ्यायच्या आधी हे तपासा

तक्रार एकच राहते भाऊ. जुनी स्प्लेंडर घेतली, मागची चेसिस कापून सीट सपाट केली, गोल एलईडी हेडलाइट बसवला, खाली दोन फॉग, हँडलला मोबाईलचा चार्जर. गाडी दिसते एक नंबर. अन् मग काही दिवसांनी हॉर्न घोगरा होते, इंडिकेटर मिचकायचं सोडून नुसताच पेटून राहते, रात्री नागपूरच्या कोराडी रोडला लागलं की हेडलाइट बसत जाते. नवी बॅटरी टाकली की पंधरा दिवस मस्त, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणते बॅटरी खराब निघाली, बॅटरीवाला म्हणते वायरिंग खराब आहे, आणि गाडीवाल्याच्या खिशाला दोन्हीकडून कात्री.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुपारनंतर सक्करदऱ्याच्या एका गॅरेजवर उस्तादांच्या हाताखाली काम करतो, आणि माझी स्वतःची गाडी पण अशीच कापलेली, डीसी केलेली (म्हणजे लाइट बॅटरीवर घेतलेली) स्प्लेंडर आहे, हिंगण्यापासून काटोलपर्यंत तीच फिरवतो. इथे येणाऱ्या अशा बहुतेक गाड्यांमध्ये बॅटरीचा दोष नसते. रोग रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला असा प्रकार राहते. खाली जे लिहून राहिलो ते कार्बोरेटरवाल्या, किकच्या जुन्या स्प्लेंडर-पॅशनसाठी आहे, बाकीच्या गाड्यांचं शेवटी थोडं सांगतो.

आधी हे डोक्यात घ्या की जुनी स्प्लेंडर मुळात बॅटरीवर जवळपास चालतच नाही. इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटच्या आत जी कॉइल प्लेट राहते तिच्यावर सीडीआयसाठी (स्पार्क देणाऱ्या डब्यासाठी) वेगळी कॉइल असते, स्पार्क तिथूनच येते, म्हणून बॅटरी काढून घरी ठेवली तरी किकवर गाडी चालू होते. हेडलाइट, टेल आणि मीटरचा दिवा पिवळ्या वायरवर, म्हणजे एसी करंटवर, जो बॅटरीतून न येता सरळ मॅग्नेटच्या कॉइलमधून येते. सिग्नलला उभं राहिलं की लाइट मंद अन् रेस दिली की फुल, हे सगळ्यांनी पाहिलं असेल, ते त्याच्यामुळेच. मग बॅटरीच्या वाट्याला उरलं काय तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रलचा दिवा, तेही सगळे थोडा थोडा वेळ लागणारे. तेवढ्याला अडीच एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावते त्याचं माप) बॅटरी पुरून उरते. तिला भरायला पांढरी वायर येते आणि ती पण हाफ वेव्ह, म्हणजे एसीच्या लाटेचा अर्धाच भाग बॅटरीत जाते. कंपनीने जेवढं काम दिलं तेवढ्याला हे बरोबर आहे, त्यात काही खोट नाही.

आता मॉडिफायवाला काय करते, एलईडी एसीवर मिचकते म्हणून हेडलाइटची वायर पिवळ्यावरून काढून सरळ बॅटरीवर देते. याला गाडी 'डीसी केली' म्हणतात. पण खरं पाहिलं तर फक्त लोड डीसी केला, चार्जिंग होतं तिथंच राहिलं, कॉइल प्लेटला कोणी हातच लावला नाही. टाकीत येणारी नळाची धार करंगळीएवढीच आणि खालची तोटी अंगठ्याएवढी केली असं झालं ते. मग अडीचच्या जागी पाच-सात एएचची बॅटरी लावून काय होणार, टाकी मोठी झाली म्हणून रिकामी व्हायला जरा जास्त वेळ लागेल, बस.

हिशोब करून पाहा, फार काही गणित नाही. एलईडी हेडलाइट खरोखरचा १५ वॅट खाते आणि दोन फॉग मिळून २० वॅट असं धरा. झाले ३५ वॅट. ३५ भागिले १२.५ म्हणजे २.८ अँपिअर. बॅटरी २.५ एएचची. चार्जिंग शून्य धरलं तर कागदावर तासाच्या आत खलास, आणि एवढी छोटी बॅटरी इतका करंट ओढल्यावर कागदावरचं सुद्धा पूर्ण देत नाही. नागपूरहून रात्री रामटेकला निघाला तर मनसरच्या आधीच हॉर्न जायला पाहिजे, जात नाही तो केवळ ती अर्धी लाट थोडंफार भरत राहते म्हणून. हां, फॉगच्या डब्यावर काय वॅट छापला आहे त्यावर जाऊ नका, ४० लिहिलेला दहाच खाताना पाहिला आहे. मीटर १० अँपिअरच्या खाचेत टाकून सिरीजमध्ये (म्हणजे वायर सोडवून मीटर मधे जोडून) मोजा, तोच खरा आकडा.

मीटर म्हणजे साधा डिजिटल मल्टिमीटर, चारपाचशेचा चालते. तो नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, उधार आणा कोणाकडून.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी चाबी न लावता. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चार्ज करून आणली असेल तर वरवरचा आकडा जास्त दिसते, अर्धा मिनिट लाइट लावून बंद करा आणि मग मोजा. आता हॉर्न दाबून ब्रेक दाबून मीटरकडे पाहा. १२.६ वरून धाडकन १० च्या खाली आली तर आतला सेल गेला, ती बॅटरी खरंच मेली, तिला पाणी पाजून काही होणार नाही. पण ती कशाने मेली ते शोधल्याशिवाय नवी लावू नका.

दुसरं माप गाडी चालू करून, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, ते दोनदा घ्यायचं. आधी सगळे लाइट बंद. रेस थोडी धरून ठेवा, स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नसते म्हणून अंदाजाने, तिसऱ्या गियरला चाळीसवर जसा आवाज राहते तेवढी. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १३.८ ते १४.५ आलं पाहिजे. मग हेडलाइट, फॉग, सगळं लावा आणि तीच रेस. आता जर १४ वरून १२.४ वर आलं तर गाडीत काहीच बिघडलेलं नाही, फक्त खर्च कमाईपेक्षा जास्त आहे. लाइट बंद असताना पण १२.५ च्या वर सरकत नसेल तर मात्र कॉइल, रेक्टिफायर (एसीचा डीसी करून बॅटरीत देणारा डबा) किंवा अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्हची वायर) यात लफडं आहे. आणि १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायरचं रेग्युलेशन गेलं, तशी गाडी एक दिवस पण चालवू नका, बॅटरीचं पाणी उकळते आणि महागाचा एलईडी फुकटात जाते. आयडलला १२.५ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, व्हरायटी चौकात सिग्नलला उभी गाडी काही कमवत नाही, रेस दिल्यावर वर आली म्हणजे झालं.

गाडी चालवली की ठीक आणि दोन-चार दिवस उभी राहिली की मेलेली, असं असेल तर चार्जिंगच्या मागे लागू नका, करंट चोरीला जाऊन राहिला. चाबी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि त्या वायरच्या मधे, आधी १० अँपिअरवर आणि मग मिलीअँपिअरवर. जुन्या स्प्लेंडरमध्ये घड्याळ नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, तिथं जवळपास शून्य पाहिजे. २० मिलीअँपिअर दिसले तर २.५ एएचच्या हिशोबाने १२५ तास, म्हणजे पाच दिवसांत पूर्ण बॅटरी साफ. बहुतेक वेळा चोर म्हणजे हँडलचा यूएसबी चार्जर, बॅटरीला डायरेक्ट जोडलेला, तो निळा दिवा रात्रंदिवस पेटून राहते आणि मालकाला ते शोचं वाटते. चार्जर, अलार्म, जीपीएस, एकेक काढत जा आणि मीटर पाहत जा. सगळं काढलं तरी करंट जातच असेल तर रेक्टिफायरचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढा. तेव्हा शून्य झालं तर आतला डायोड लीक आहे. मीटर सिरीजमध्ये लावलेला असताना हॉर्न दाबू नका आणि सेल्फवाली गाडी असेल तर सेल्फ तर बिलकुल नाही, मीटरचा फ्यूज उडते.

आता कॉइल. इथं बरेच पोरं व्हिडिओ पाहून फसतात. व्हिडिओत सांगतात की कॉइलच्या वायरी आणि इंजिन यांच्यात कंटिन्युटी आली, बीप वाजला, की कॉइल जळली. ते थ्री फेजच्या, म्हणजे कॉइलमधून तीन वायरी येणाऱ्या गाड्यांसाठी बरोबर आहे. स्टॉक स्प्लेंडरमध्ये कॉइलचं एक टोक कंपनीनेच प्लेटला, म्हणजे इंजिनला जोडलेलं राहते, तिथं बीप वाजणारच. चांगल्या कॉइली अशा फेकून दिल्या लोकांनी. खरी टेस्ट म्हणजे कपलर काढून, मीटर एसीवर ठेवून, पांढरी वायर आणि इंजिन यांच्यात व्होल्ट पाहा. रेससोबत आकडा चढत गेला पाहिजे. चढता चढता अडकून राहिला, किंवा थंड इंजिनवर चांगला आणि वीस मिनिटं फिरवून आणल्यावर पडला, तर कॉइल संशयित. वायरचे रंग वर्षाप्रमाणे अन् आधीच्या मिस्त्रीच्या कृपेने बदललेले राहतात, म्हणून रंगावर भरवसा न ठेवता प्लेटपासून वायर पकडत या.

लोडच जास्त निघाला तर दोन रस्ते. एक, फॉग काढून टाका, हेडलाइट कमी वॅटचा लावा आणि गप्प बसा. दुसरा, चार्जिंग फुल वेव्ह करा, म्हणजे लाटेचे दोन्ही अर्धे भाग बॅटरीत जातील. हे काम मला स्वतःला आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. डाव्या बाजूचं कव्हर खोलायचं, मॅग्नेट पुलरनेच काढायचा, हातोडीने ठोकून नाही, कॉइल प्लेट बाहेर घ्यायची. तिथं लाइट-चार्जिंगच्या गुंडाळीचं एक टोक प्लेटच्या लोखंडाला सोल्डर केलेलं दिसेल. ते सोडवायचं आणि त्याला गरमीत टिकणारी टेफ्लॉनची वायर सोल्डर करून, वरून स्लीव्ह घालून, बाकीच्या वायरींसोबत रबरातून बाहेर आणायची. पण बारकाईने पाहा, काही प्लेटवर सीडीआयच्या कॉइलचा अर्थिंगचा जोड पण त्याच ठिकाणी टेकलेला राहते. त्याला तसाच प्लेटला ठेवायचा. तो पण उचलला तर स्पार्कच येणार नाही आणि मग किक मारून मारून पाय दुखेल.

बाहेर आल्यावर पांढरी आणि ही नवीन वायर, दोन्ही फुल वेव्ह रेक्टिफायरच्या एसीच्या पिनांवर. जुना चार पिनचा रेक्टिफायर पूर्ण काढायचा, मधली पिवळी वायर कशालाच न जोडता टोक बंद करून ठेवायची, ती जर कुठं अर्थ झाली तर कॉइल गरम होऊन जळते. आता कंटिन्युटी लावा, या दोन वायरी आणि इंजिन यांच्यात बीप वाजला नाही पाहिजे. टेल लाइट आणि मीटरचा दिवा आधी पिवळ्यावर होते ते आता बंद दिसतील, त्यांना चाबीनंतरच्या डीसी लाइनवर घ्या. एवढं केल्यावर पण गाडीचा जनरेटर काही मोठा होत नाही, फक्त वाया जाणारी अर्धी लाट कामी येते. सगळं लावून चालत्या रेसला १३.२ च्या खाली जात नसेल तर जमलं, जात असेल तर एक फॉग कमी करा, अंगात जेवढा दम तेवढंच ओझं.

फॉगला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, रिलेचा ट्रिगर चाबीच्या लाइनवरून, आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळलेल्या गाड्या अजून येतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

आता जे फक्त कापलेल्या गाड्यांमध्येच सापडते ते. एक स्क्रॅम्बलर टाइप गाडी आली होती, फुल वेव्ह झालेली, कॉइल चांगली, रेक्टिफायर नवा, तरी बॅटरीवर १३.२ च्या वर जात नव्हतं. रेक्टिफायरच्या तोंडाशी मोजलं तर १४.१. मग उस्तादांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेक्टिफायरच्या बॉडीला टेकवायला लावली, गाडी चालू, लाइट चालू. ०.९ व्होल्ट. सगळं तिथंच अडकून होतं. चेसिस नवीन पावडर कोटिंग केलेली, मस्त निळी, आणि अर्थिंगचं थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) त्या निळ्या थरावरच बोल्टाने आवळलेलं. बोल्ट कितीही टाइट करा, प्लास्टिकवरून करंट जाते का? बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जात होता तेवढ्यावर गाडी चालली होती. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकला, आवळून वरून थोडं ग्रीस. माप आलं ०.०४. हे माप ०.२ च्या वर दिसलं की अर्थिंग उघडून पाहायची, आणि रंगाचं काम करून आलेल्या गाडीत तर न मोजताच पाहायची.

क्लिप-ऑन हँडल लावलं असेल तर हेडलाइट लावून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. लाइट फडफडला तर चेसिसच्या गळ्यापाशी हार्नेस (वायरींची जुडी) दबून सोलली आहे. आणि सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटला लाइट मिचकत असेल तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं किंवा बॅटरी पेटीत नुसती वाजून राहिली, खाली रबर टाका.

साइड पॅनल काढून बॅटरी सीटखाली आडवी झोपवायची फॅशन आहे. पाण्याची बॅटरी आडवी झोपवायची नसते, ॲसिड बाहेर येते आणि चेसिस खाते. सीलबंद व्हीआरएलए घ्या मग. रेक्टिफायर पण तिथंच फोममध्ये कोंबतात. त्याच्या पाठीला धातूच्या पात्या (फिन) दिल्या आहेत त्या हवेसाठी. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या वर जाते, सायलेन्सर खाली, वरून माणूस बसलेला, तो रेक्टिफायर किती दिवस टिकणार? उघड्या हवेत, धातूच्या पट्टीवर बसवा. पाण्याच्या बॅटरीची लेव्हल उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहा, दोन रेघांच्या मधे, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, कूलरच्या टाकीतलं तर नाहीच.

चार्जिंगला बाहेर दिली तर सांगून द्या की छोटी बॅटरी आहे. २.५ एएचला पाव अँपिअरवर रात्रभर लावायची असते. कारच्या बॅटऱ्यांच्या रांगेत तीन-चार अँपिअरवर लावली की दोन तासांत गरम होऊन फुगते, आणि मग तुम्ही म्हणणार कंपनी खराब.

गॅरेजमधली एक जुनी सवय तर बंदच करायला पाहिजे. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, इंजिन चालू राहिलं म्हणजे चार्जिंग चांगलं, असं म्हणतात. स्प्लेंडरचं इंजिन तर तसंही चालूच राहणार, स्पार्क बॅटरीवर नाहीच, मग त्यातून कळलं काय? उलट बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळी मारते आणि पहिला जाते एलईडी. वायर बॉडीला घासून ठिणगी पाहायची सवय पण तशीच, जुन्या बल्बच्या काळात खपून गेली.

चेसिस कापण्याबद्दल एवढंच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, चलान झालं तर वायरिंग किती नीट केली ते कोणी विचारत नाही.

थ्री फेजवाल्या गाड्यांमध्ये कॉइलमधून तीन वायरी येतात, बहुतेक तिन्ही पिवळ्या. कपलर काढून दोन-दोनच्या जोड्यांत एसी व्होल्ट मोजा, तिन्ही जोड्या जवळपास सारख्या पाहिजेत, आणि इथं मात्र इंजिनशी बीप वाजला तर कॉइल गेली समजा. डीसी करायचा प्रश्नच नाही, ती आधीच आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ इंजेक्शनवाल्या गाडीत व्होल्टेज पडलं की हॉर्न बसण्यावर भागत नाही, पंप अन् ईसीयू पण गडबडतात आणि इंजिनचा दिवा लागते. तिथं हार्नेस सोलून टॅप मारू नका. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज, रिले, आणि ट्रिगरला तयार कपलरवाली वायर घ्या, म्हणजे उद्या काही झालं तर एक कपलर काढून गाडी पुन्हा स्टॉकवर आणून तपासता येते.